टीआर६ पीआय: इंजेक्टर साफ केला की बरा चालतो, पन्नास मैलांत पुन्हा मिसिंग. चुकतंय कुठे?

कॅनलीकर (कव्हेंट्री):

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं तर निदानही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं सांगते.

माझ्याकडे १९७२ची ट्रायम्फ टीआर६ आहे. पेट्रोल इंजेक्शनवाली, सीपी क्रमांकाची, म्हणजे १५० अश्वशक्तीच्या जाहिरातीची. गेल्या ऑक्टोबरात घेतली. आधीचे मालक ऐंशीच्या घरातले. गुडघ्यांमुळे त्यांना इतक्या खालच्या सीटवरून उठता येईना, म्हणून सहा वर्षं गाडी गॅरेजात चादरीखाली उभी होती. मी मूळची पुण्याची, नोकरीमुळे इकडे आले. कॅनलीत ज्या जागी या गाड्या बनायच्या तिथे आता ऑफिसं आणि दुकानं आहेत, पण एका रस्त्याचं नाव हेराल्ड अव्हेन्यू आहे. माझ्या आजोबांकडे पुण्यात स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली. ती पाटी पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मी ऑफिसात उशिरा पोचले. ही गाडी घेण्यामागे तेवढं एक कारण आहे, आणि म्हणूनच ती विकून मोकळी हो हा सल्ला कृपया कुणी देऊ नका.

आता दुखणं. थंड इंजिन चोक ओढून व्यवस्थित सुरू होतं. दहाएक मिनिटं चालून गरम झालं की तीन नंबरचा सिलिंडर आयडलला, म्हणजे रेस न देता, मिसिंग करतो (मध्येच पेटत नाही). रेस देऊन २५०० च्या वर नेलं की सहाही सिलिंडर सुरेल चालतात. रेस सोडली की पुन्हा तेच. प्लग काढले तर पाच प्लग बिस्किटाच्या रंगाचे आणि तीन नंबरचा काळा, ओला. प्लग बदलला, वायर बदलली, डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलली. कॉम्प्रेशन सहाही ठिकाणी जवळपास सारखं आहे.

मग इंजेक्टर काढला. बाहेरून काही दिसलं नाही. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा टोकावर मारला, पुसला, परत बसवला. गाडी झकास! ४० मैलांनंतर मिसिंग परत. दुसऱ्यांदा तोच इंजेक्टर अल्ट्रासॉनिक टाकीत पंधरा मिनिटं ठेवला. पुन्हा झकास, आणि ६० मैलांनंतर पुन्हा मिसिंग. परवापासून पाच नंबरही तसंच करायला लागला आहे.

इथल्या एका इंजेक्टर साफ करणाऱ्या दुकानात सहाही घेऊन गेले होते. त्यांच्या मशीनला इंजेक्टरचं इलेक्ट्रिक प्लग लागतं, माझ्या इंजेक्टरला ते नाहीच. मागच्या एका मेकॅनिकचं म्हणणं असं पडलं की मीटरिंग युनिट (सिलिंडरला पेट्रोल मोजून देणारा भाग) गेलं आहे, ते रिकंडिशन करायला पाठवा. तो खर्च छोटा नाही.

तर प्रश्न दोन. या इंजेक्टरच्या आतली सफाई नेमकी कशी करायची? आणि मीटरिंग युनिट खरोखर गेलं आहे की नाही, हे घरच्या घरी कसं कळेल?

मिडलँडकर (लेस्टर):

ताई, तुम्ही ४० मैल आणि ६० मैल हे आकडे लिहिलेत हे फार बरं केलंत. माझ्याकडे १९७० ची टीआर६ पीआय सतरा वर्षं आहे आणि हे दुखणं मी तिच्यावर भोगलं आहे. साफ केलेला इंजेक्टर पन्नास मैलांत बिघडतो याचा अर्थ इंजेक्टर घाण तयार करत नाही, त्याच्याकडे ती पाठवली जाते आहे. पाच नंबरही सुरू झाला म्हटल्यावर मला तर शंकाच उरली नाही. तरीही तुम्ही माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून बघा. मीटरिंग युनिट पाठवण्याआधी तर नक्कीच.

आधी यंत्रणा डोळ्यांपुढे आणा. आजच्या गाडीत कॉम्प्युटर इंजेक्टरला वीज देऊन उघडतो. आपल्या लुकास इंजेक्टरला वीज लागत नाही, तो म्हणजे स्प्रिंगने मिटून धरलेली एक छोटी झडप. डिकीतला पंप पेट्रोलला १०६ पीएसआयच्या आसपास दाब देतो. रिलीफ व्हॉल्व्ह जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत सोडतो. उरलेलं मीटरिंग युनिटमध्ये येतं. तिथे एक रोटर फिरतो आणि रोटरच्या पोटात शटल नावाचा एक दट्ट्या मागेपुढे सरकतो. तो सरकवायला वेगळं काही नाही, पेट्रोलचाच दाब त्याला सरकवतो. शटल जितकं सरकेल तितकंच पेट्रोल त्या त्या सिलिंडरच्या नायलॉन पाइपात ढकललं जातं. किती सरकू द्यायचं ते मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर ठरतं. म्हणजे माप मीटरिंग युनिटमध्ये ठरतं. इंजेक्टरला मापातलं काही कळत नाही. पाइपातून धक्का आला की त्याने उघडायचं, धुक्यासारखा फवारा सोडायचा आणि कट्कन मिटायचं.

हे लक्षात घेतलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची तपासणी आपोआप सुचते. सहा अरुंद मोजपात्रं आणा, १० मिलीची, काचेची. कॉइलची तार काढून ठेवा. प्लग काढून ठेवा म्हणजे सेल्फला ओझं होणार नाही. सहाही इंजेक्टर मॅनिफोल्डमधून ओढून काढा, पाइप जोडलेलेच राहू द्या, आणि एकेक मोजपात्रात टोक सोडा. पंप चालू करून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंद, मग मोटर थंड होऊ द्या, असं सहा वेळा. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसल्यामुळे युनिट जवळजवळ पूर्ण माप सोडतं, म्हणून मिनिटभर सेल्फ मारल्यावर प्रत्येकात ५ मिलीच्या आसपास जमायला हवं. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, सहा आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. मग सहाही पात्रं रिकामी करून पुन्हा सेल्फ मारा आणि या वेळी नुसता फवारा बघा. शंकू आहे की धार आहे की थेंब.

आकडे जुळले आणि फवारा बिघडलेला असला तर मीटरिंग युनिट निर्दोष आहे, खोट इंजेक्टरची. मग तीन नंबरचा इंजेक्टर एक नंबरच्या पाइपावर लावून बघा. खोट त्याच्याबरोबर सरकली पाहिजे.

हे सगळं गॅरेजच्या दाराबाहेर, उघड्यावर करायचं. फवाऱ्याचं धुकं म्हणजे पेट्रोलचं सर्वांत पेटायला उतावीळ रूप. बॅटरीचा चार्जर काढलेला हवा, ओढताना ठिणगी पडेल असं काही जवळ नको, अग्निशामक हाताशी आणि त्याची मुदत वाचून बघितलेली. डोळ्यांवर चष्मा. आणि एकट्याने करू नका. सेल्फ मारणारा माणूस वेगळा, बघणारा वेगळा.

तुमचा प्लग ओला आहे म्हणून मी घाण म्हणतो. तो कोरडा असता तर मी म्हटलं असतं, पाइपाने एअर धरली आहे. नायलॉनच्या पाइपात हवेचा बुडबुडा असला की युनिटने दिलेला धक्का तो बुडबुडा दाबण्यातच संपतो, झडपेपर्यंत पोचत नाही. डिझेल गाडीची एअर काढतात तशी मग इथेही काढावी लागते. पण ओला प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय, फुटत नाहीये. झडपेच्या बसणीवर एखादा कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही, दोन फवाऱ्यांच्या मधल्या वेळात गळत राहते. आयडलला माप इतकं थोडं असतं की सगळंच थेंबाथेंबाने जातं. रेस दिली की माप वाढतं, हवाही वेगाने धावते, ती थेंब फोडते, आणि सिलिंडर बोलायला लागतो.

आता घाण कुठून येते? टीआर६मध्ये कागदी फिल्टर पंपाच्या आधी आहे, टाकी आणि पंप यांच्या मध्ये. पंपानंतर मूळ रचनेत गाळणी नाही. म्हणजे पंपातून पुढे, रिलीफ व्हॉल्व्हजवळच्या रबरी नळ्यांतून आणि इंजिनाजवळच्या लवचीक नळीतून जे काही सुटेल ते थेट रोटरमधून इंजेक्टरकडे. सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. तुमच्या गाडीच्या टाकीत ते किती काळ बसून होतं देव जाणे. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, आणि मग गाडी चालू झाली की आतून सोलत जातं. बाहेरून नळी नवीन दिसते.

दोन्ही नळ्या काढा आणि उभ्या चिरा. टीआर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: पहिल्या दिवशी नळ्या चिरा, गाणी नंतर बसवा.

कॅनलीकर:

मिडलँडकर दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. शनिवारी शेजाऱ्यांना सेल्फवर बसवून तुम्ही सांगितलं तसं केलं. एक ते सहा, मिलीमध्ये: ५.०, ५.१, ५.०, ४.९, ५.०, ५.१.

मी हे आकडे तीन वेळा वाचले. आठवडाभर मी ज्या युनिटच्या खर्चाची बेरीज करत होते ते युनिट इतकं नेमकं माप देतंय!

फवारा मात्र तुम्ही म्हणालात तसाच. एक, दोन, चार, सहा यांचा छान शंकू. तीनमधून एक वाकडी धार आणि धक्का संपल्यावर टोकाला लोंबणारा थेंब. पाचचा अर्धा शंकू, एका बाजूला रिकामा. तीनचा इंजेक्टर एकच्या पाइपावर लावला, धार त्याच्याबरोबर गेली.

नळ्या पुढच्या शनिवारी. तोवर, हा कण आतून काढायचा कसा? सुईने किंवा बारीक तारेने टोकातून ढकलला तर?

गोदाकाठ (नाशिक):

ताई, सुई लावू नका. हे वाचून लगेच लिहायला बसलो आहे, चहा तसाच ठेवलाय.

मी नाशिकचा. चौतीस वर्षं डिझेल पंप रूममध्ये काढली, आता घरी आहे. सातपूरला डिझेलची नोझलं, म्हणजे इंजेक्टरची फवारा मारणारी टोकं, बनतात हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि त्या नोझलांवर हात बसलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. तुमची गाडी पेट्रोलची आणि दाब आमच्या मानाने अगदीच कमी. ट्रॅक्टरचं नोझल साधारण २०० बारला उघडतं, तुमचा सगळा पंपच सातेक बारचा. पण झडप आणि बसण यांचं नातं तिकडे जे तेच इकडे.

झडप आपल्या बसणीवर एका बारीक कड्याने टेकते. त्या कड्यावरच सगळा भरवसा. लोखंडी सुई आत घातलीत आणि त्या कड्यावर केसाएवढा ओरखडा उठला की ते इंजेक्टर संपलं. कण निघेल, पण गळती कायमची राहील. मी शिकाऊ असताना, पहिल्याच महिन्यात, एका ट्रॅक्टरच्या नोझलचं भोक पोलादी तारेने मोकळं केलं होतं. उस्तादांनी ते टेस्टरवर (हाताने दाब देऊन फवारा बघायच्या यंत्रावर) लावून मला नुसतं बघायला लावलं. पाचांपैकी चार भोकांतून धुकं आणि पाचव्यातून धार. ते नोझल माझ्या पगारातून कापलं नाही त्यांनी, पण ते माझ्या टेबलावर वर्षभर ठेवायला लावलं. म्हणून सांगतो.

डिझेलच्या नोझलमध्ये सुई आणि बॉडी ही जोडी असते, एकमेकांत घासून बसवलेली, मधली फट दोन ते चार मायक्रॉनची. म्हणून आम्ही धुताना कधीही एकाची सुई दुसऱ्यात जाऊ देत नाही, प्रत्येक जोडीला वेगळी वाटी. धुतल्यावर बॉडी तिरकी धरून सुई तिसरा भाग बाहेर ओढायची आणि सोडायची. आपल्या वजनाने ती सुळकन खाली गेली पाहिजे. कुठे अडली तर अजून घाण आहे किंवा ती वाकली आहे. तुम्हीही सहा इंजेक्टरना नंबर घाला आणि कुठलाच भाग इकडचा तिकडे करू नका.

सफाईचं म्हणाल तर धुणं आणि उलटं धुणं. घाण ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने ती परत काढायची. तुम्ही टोकावर क्लीनर मारलात तेव्हा कण थोडा मागे सरकला असेल, पेट्रोलच्या पहिल्या धक्क्यांनी तो बाजूला झाला असेल, म्हणून गाडी चालली. अल्ट्रासॉनिक टाकीत ठेवताना इंजेक्टर आडवा ठेवला होतात का? टोक वर आणि मागची बाजू खाली ठेवा, म्हणजे सुटलेला कण मागून बाहेर पडेल. रबरी रिंगा आधी काढून ठेवायच्या, त्या टाकीत घालायच्या नाहीत. टाकीतून काढल्यावर स्वच्छ द्रावणाने मागून पुढे खळखळून धुवायचं, आणि ते द्रावण पांढऱ्या बशीत पडू द्यायचं. काय निघतं ते बशीत दिसतं. दोनदा धुतल्यावर बशी कोरी राहिली पाहिजे.

वरची काजळी काढायला पितळी तारांचा मऊ ब्रश किंवा बांबूची काडी. पोलाद नाही, सँडपेपर तर मुळीच नाही. फडक्याने पुसू नका. फडक्याचा एक धागा आत गेला की तुमचे आणखी पन्नास मैल गेले. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, ते आधी काढा. तोंडाने फुंकर मारायची सवय असते लोकांना, तीही नको, वाफेने आत गंज धरतो. आम्ही धुतलेल्या सुईच्या घासलेल्या भागाला बोटसुद्धा लावत नसू.

आणि नोझल बोलतं, ताई. टेस्टरचा दांडा सावकाश दाबला की चांगलं नोझल कर्र कर्र असं कुरकुरतं. ते सुईचं भराभर उघडणं-मिटणं असतं. मुकं नोझल आम्ही परत धुवायला टाकायचो. दुसरी परीक्षा गळतीची. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाब धरून दहा सेकंद थांबायचं, टोकाला थेंब धरता कामा नये. तुमच्या इंजेक्टरला हे आकडे लागू नाहीत, पण परीक्षा तीच: धक्का संपल्यावर टोक कोरडं.

एक मात्र बजावून सांगतो. इथे हे वाचणारा कुणी तरुण पोरगा पेट्रोलचा इंजेक्टर घेऊन ओळखीच्या डिझेलवाल्याकडे जाईल आणि टेस्टरमध्ये पेट्रोल भरून बघू म्हणेल. भरू नका. त्या टेस्टरचं तेल सहज पेटत नाही म्हणून आम्ही बंद खोलीत, बल्बखाली काम करतो. तिथे पेट्रोलचं धुकं केलंत तर खोली पेटेल. आणि दाबाच्या धारेपुढे बोट कधीच धरू नका. डिझेलच्या दाबाची धार कातडीतून आत जाते, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून बोट सडतं. मी एक बोट गेलेलं पाहिलं आहे.

इसारकाठ (म्युनिक):

काकांचं लिहिणं वाचून इथल्या सगळ्यांनी त्याची प्रत काढून गॅरेजात चिकटवावी असं वाटतं.

मी थोडक्यात लिहितो, कारण माझी गाडी वेगळी आहे: १९७३ची बीएमडब्ल्यू २००२ टीआयआय, कुगेलफिशर पंपाची. लिहायचं कारण एवढंच की जुन्या मेकॅनिकल इंजेक्शनचे आकडे एका गाडीवरून दुसरीला लावू नयेत. माझ्याकडे इलेक्ट्रिक पंप फक्त २ बारच्या आसपास दाब देतो. पुढे दातेरी पट्ट्यावर चालणारा इंजेक्शन पंप आहे, त्यात सिलिंडरगणिक एक असे चार प्लंजर आहेत आणि खरा दाब ते तयार करतात. इंजेक्टर उघडतात ३० ते ३८ बारला. म्हणजे टीआर६चा १०६ पीएसआय माझ्या इंजेक्टरला लावला तर तो जागचा हलणारही नाही, आणि कुणाला वाटेल तो जाम आहे.

माझ्याकडे गाळणीची गोष्ट अशी. इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी, जिथे पेट्रोलचा पाइप बोल्टने बसतो, त्या पोकळ बोल्टात बोटाच्या पेरापेक्षाही लहान जाळी आहे. मुख्य फिल्टर सगळे बदलतात, ही जाळी कुणाच्या गावी नसते. माझी निम्मी बुजली होती आणि मी मात्र महिनाभर इंजेक्टर धूत बसलो होतो. टीआयआयवाल्यांनी आधी तो बोल्ट उघडावा.

आणि प्लॅस्टिकचे पाइप सोडवताना नेहमी दोन पाने. एकाने इंजेक्टर धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने ओढलंत तर पाइप पिळला जातो आणि पन्नास वर्षांचा पाइप पीळ सहन करत नाही. तेलाचंही एक: कुगेलफिशर पंपाला वंगण इंजिनच्या तेलातून मिळतं, तेव्हा तेल वेळेवर बदलणं हीसुद्धा इंजेक्शनचीच देखभाल आहे.

मिडलँडकर (लेस्टर):

इसारकाठ यांनी वंगणाचा विषय काढला त्यावरून आठवलं, हे आधीच लिहायला हवं होतं. लुकास मीटरिंग युनिटमधल्या रोटरला पेट्रोलच वंगण देतं. म्हणून टाकी कोरडी असताना किंवा पंप बंद असताना ताई, नुसता सेल्फ मारत बसू नका. टाकी पाव भागाच्या खालीही जाऊ देऊ नका. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो, आणि मग एअर काढण्याचं काम नव्याने मागे लागतं.

आणि इंजिन ऑइलची कांडी काढून वास घ्या, दर आठवड्याला. मीटरिंग युनिटचे सील गेले आणि गळणारं पेट्रोल बाहेर सोडणारी वाट बुजलेली असली तर पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगं जातात, आणि हे सगळं गाडी झकास चालत असताना घडतं. कांडीवर पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरूच करायचं नाही.

कॅनलीकर:

मंडळी, दोन शनिवार आणि एक सुटीचा सोमवार घालवून आता लिहिते आहे.

नळ्या चिरल्या. पंपापासून रिलीफ व्हॉल्व्हकडे जाणारी नळी बाहेरून चकचकीत, तिच्यावर एक भेगसुद्धा नव्हती. आतून मात्र काळा पापुद्रा सुटलेला, तव्याला चिकटलेल्या घावनाच्या कडेसारखा. बोट फिरवलं तर बोट काळं झालं. इंजिनाजवळची नळी बरी निघाली, तरी तीही बदलली. नवीन नळ्या घेताना इथेनॉल चालेल आणि दाब किती सोसेल, दोन्ही नळीवरच छापलेलं आहे ना ते वाचून घेतलं. पंपानंतर, मीटरिंग युनिटच्या अलीकडे, इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेला पत्र्याचा फिल्टर बसवला. टाकी पूर्ण रिकामी केली. तळाशी गढूळ पाण्यासारखा थर होता, तो काढला, आधीचा कागदी फिल्टरही बदलला. आता फक्त सुपर पेट्रोल भरते आहे, ज्यात इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच असतं.

इंजेक्टर परत जोडण्याआधी सहाही नायलॉन पाइपांची टोकं बरण्यांत सोडून पेट्रोल वाहू दिलं, कारण रोटरपुढे गेलेले कण पाइपातच बसलेले असले तर सगळी मेहनत वाया. चार नंबरच्या बरणीत दोन बारीक काळे ठिपके आले. म्हणजे पुढची पाळी चारची होती.

गोदाकाठ काका, तुम्ही विचारलं होतं ना, टाकीत आडवा ठेवला होता का? हो, आडवाच. या वेळी तारेचा एक छोटा स्टँड करून टोक वर ठेवलं, रिंगा काढल्या, मग मागून पुढे धुतलं. पांढरी बशी आईने दिलेल्या सेटमधली वापरली. तीनमधून पहिल्या धुण्यातच पापुद्र्याचा एक तुकडा पडला, तिळाच्या निम्म्यानेही नसेल. तिसऱ्या धुण्याला बशी कोरी. पाचमधून नुसता काळा गाळ निघाला. रिंगा सहाही नव्या घातल्या.

मग पुन्हा मोजपात्रं, पुन्हा शेजारी सेल्फवर. सहाही शंकू सारखे. तीनचं टोक धक्का संपल्यावर कोरडं. मी दहापर्यंत मोजलं, थेंब नाही धरला. दोन नंबरच्या पाइपात एअर राहिली होती, ती इंजेक्टर बरणीत धरून सेल्फ मारता मारता सुटली. पहिल्यांदा नुसते बुडबुडे, मग थुंकल्यासारखं काहीतरी, मग एकदम फवारा. पाइप बोटांत धरला की आधी मऊ लागत होता, एअर गेल्यावर त्यात टिक टिक असा ठोका लागायला लागला. काका, तुमचं नोझल कुरकुरतं तसं हे बोटांना ऐकू येतं. इंजिन चालू असताना आता मी सहाही पाइपांवर एकेक करून बोट ठेवते. डोळे मिटून कुठला सिलिंडर आहे ते सांगता येत नाही, पण एखादा मऊ असला तर नक्की कळेल.

आजपर्यंत २१२ मैल झाले. दर पन्नासाला थांबून तीन आणि पाचचे प्लग काढून बघितले. कालच्याला दोन्ही बिस्किटाच्या रंगाचे. कांडीला पेट्रोलचा वास नाही, पातळी जिथे होती तिथेच.

एक राहिलेला प्रश्न. हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यांवर गाडी काढणार नाही, म्हणजे तीनेक महिने उभी राहील. टाकी भरून ठेवू की रिकामी करू? आधीच्या मालकांनी अर्धी ठेवली होती.

मिडलँडकर (लेस्टर):

भरून. काठोकाठ, ताज्या सुपरने, म्हणजे वर हवा कमी आणि त्या हवेतलं पाणीही कमी. यंत्रणा कोरडी ठेवली तर रोटर आणि सील वाळतात. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवा. गॅरेजातल्या गॅरेजात दोन मिनिटं चालवून बंद करू नका, त्याने ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल दोन्ही साचतं. मार्चमध्ये पहिल्या मोठ्या फेरीआधी नवा फिल्टर कापून आतला कागद बघा आणि इथे लिहा काय निघालं.

गोदाकाठ (नाशिक):

ताई, तो तिळाएवढा तुकडा जपून ठेवा. आणि मोजपात्रांचे सहा आकडे वहीत लिहून ठेवलेत ना? पुढल्या वर्षी त्याच बॅटरीवर, तितकाच सेल्फ मारून परत मोजा. आमच्याकडे प्रत्येक पंपाचं कार्ड असायचं. दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी आजचा आकडा लिहिला की पंप कुठल्या बाजूने झिजतोय ते दिसायचं.

कॅनलीकर:

वही केली, काका. पहिल्या पानावर सहा आकडे, तारीख, आणि शेजारी तो तुकडा चिकटपट्टीखाली. चिरलेल्या नळीचा फोटो कुणाला हवा असेल तर सांगा, टाकते. मिडलँडकर दादा, मार्चमध्ये फिल्टर कापते आणि कळवते.